आखूड केलेली खुर्ची

मी एक जुनी, बुटकी खुर्ची आहे, मित्रांनो. पण जन्माने बुटकी नाही. माझे पाय नीट बघितलेत तर खालच्या टोकांना करवतीच्या खुणा दिसतील आणि चारांतला एक पाय किंचित जास्तच आखूड दिसेल. घरात नवीन माणूस आलं की ते आधी माझी पाठ बघतं, मग हात बघतं आणि नजर पायांवर गेली की त्याला हसू आवरत नाही. पूर्वी त्या हसण्याने मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता होत नाही. मला लाज वाटते ती पाय कापले जाण्याआधीच्या दिवसांची. त्या दिवसांत सगळे माझं कौतुक करत होते.

माझं चित्र ज्या बाईंनी काढलं त्यांनी आधी माझे पाय काढले आणि उरलेली मी नंतर सुचले, असं कारखान्यातले लोक गमतीने म्हणायचे. पाय होतेच तसे. फिकट लाकडाचे, लांब, खाली निमुळते होत गेलेले, आणि टोकाला पितळी टोप्या. अंगावर सायीच्या रंगाचं मऊ कापड. बैठक चांगली खोल, बसणारं माणूस आत रुतलं पाहिजे म्हणून. कारखान्यात सगळ्यांच्या कपड्यांवर भुसा आणि पॉलिश असायचं, म्हणून माझ्यावर बसायला सक्त मनाई होती. तेव्हा मित्रांनो, मी पुरी तयार झाले, कागदात गुंडाळली गेले, गाडीत चढले, तरी माझ्यावर एकदाही कुणी बसलेलं नव्हतं. याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. मी अस्पर्शित होते ना!

दुकानात मला एका चौथऱ्यावर, दिव्याखाली ठेवलं. शेजारी एक पाळणा आणि पाळण्यात कापडी ससा. आई आणि बाळासाठी खास, अशी पाटी माझ्या पाठीमागे होती. लोक यायचे, माझ्याबरोबर फोटो काढायचे आणि किंमत विचारून पुढे सरकायचे. आपल्याला सगळं येतं, असं मला वाटायला एवढं पुरलं.

मग एक दिवस ती आली. दिवस भरत आलेले, पाय सुजलेले, एक हात कमरेवर. सोबत नवरा होता आणि नवऱ्याची मोठी बहीण. ही नणंद पोहायला शिकवायची. चांगली उंच, खांद्यांत रुंद, आणि आवाज तलावाच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला पोचणारा.

होणारी आई शिकलेली होती आणि तिचा कशावरही पटकन विश्वास बसत नव्हता. तिने माझ्या कडांवरून बोट फिरवून कुठे टोचतंय का ते पाहिलं. कापडाचा वास घेतला. बाळाने चाटलं तर रंग पोटात जाईल का, असं विचारलं. मला गदागदा हलवून पाहिलं. वाकवत नव्हतं तरी वाकून माझा तळ पाहिला. तिने तपासलं नाही असं माझ्या अंगावर काही उरलं नाही. मग ती बसायला वळली. दुकानातल्या विक्रेत्याला सगळे गोडबोल्या म्हणायचे. त्याने "पाय दुखत असतील ताई तुमचे," म्हणत एक मखमली स्टूल अलगद तिच्या पायांखाली सरकवलं.

ती मागे टेकली आणि तिने डोळे मिटले. तिच्या तोंडून एक लांब श्वास बाहेर पडला. "हीच," ती म्हणाली.

ते स्टूल माझं नव्हतं, मित्रांनो. ते दुकानाचं होतं, दुकानात राहणार होतं. हे तिच्या लक्षात आलं नाही, नवऱ्याच्या लक्षात आलं नाही. नणंदेच्या आलं.

"ते स्टूल बाजूला कर आणि मग बसून बघ जरा," ती म्हणाली. आणि तिचा तो आवाज! पलीकडे पलंग बघणारी माणसंसुद्धा वळली.

होणारी आई लाल झाली. गेले कित्येक दिवस नणंद तिला आपली जुनी खुर्ची घे म्हणून सांगत होती. तिची दोन्ही मुलं त्याच खुर्चीत दूध प्यायली होती. ती बसकी होती, रुंद होती, दिसायला अगदीच कशीतरी, पण अंगाला सवयीची. होणाऱ्या आईने आत्तापर्यंत बघू, बघू म्हणत वेळ मारून नेली होती. आज तिचा तोल गेला.

"ताई, तुमच्या त्या डबड्या खुर्चीवर तुमची मुलं मोठी झाली, ठीक आहे. माझ्या बाळाच्या खोलीत मला अडगळ नको."

गोडबोल्या आपल्या बुटांकडे बघायला लागला. नवऱ्याने उगाचच पाळण्यातला ससा सरळ केला. नणंद अर्धवट हसली. "बरं बाई. बसणारी तू," एवढं बोलून ती दिवे बघायला पुढे गेली.

मला त्या वेळी काय वाटलं सांगू? मी मनातून फुलले. कुणालातरी अडगळ म्हणून मला वर बसवलं होतं, आणि मी बसले.

घरात माझ्यासाठी खिडकीजवळची जागा आधीच मोकळी करून ठेवली होती. भिंत माझ्या रंगाची, पडदा माझ्या रंगाचा, बाळाच्या कपड्यांच्या टोपल्याही माझ्याच रंगाच्या. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसायचा. मैत्रिणी आल्या की दारातच थबकायच्या. एक म्हणाली की इथे बाळ झोपणार आहे की मासिकासाठी फोटो काढले जाणार आहेत. सगळ्या हसल्या. होणारी आईही हसली, पण तिने लगेच माझ्यावरचा कुणाचा तरी केस उचलून टाकला.

मग बाळ आलं. मुलगी. मुठी घट्ट मिटलेली, आणि नखं इतकी पातळ की तिची आई ती कापायलाही धजेना.

दवाखान्यातून घरी आल्यावर तिला पहिल्यांदा पाजायला आई माझ्यावर बसली. आणि मित्रांनो, तिचे पाय जमिनीला पोचले नाहीत.

अंगठे पोचले. टाचा अधांतरी राहिल्या. ती मागे सरकून पाठ टेकू बघायची तर पाय लहान मुलासारखे हवेत यायचे. पुढे सरकायची तर पाठीला काही मिळायचं नाही. चवड्यांवर जोर देऊन बसावं लागे, त्यामुळे मांड्या पुढे उतरत्या व्हायच्या आणि बाळ हळूहळू गुडघ्यांकडे घसरायचं. मग तिला हातांनी वर ओढून धरायचं. हात भरून आले की बाळाच्या तोंडचं सुटायचं. सुटलं की रडणं. पुन्हा धरायचं, पुन्हा सुटायचं. तिच्या पोटऱ्या थरथरायच्या आणि ती थरथर माझ्या लाकडात उतरायची.

तिला स्टूल आठवलंच नाही. दुकानात आपल्याला किती छान वाटलं होतं एवढंच आठवलं. म्हणजे खुर्ची बरोबरच आहे, असा तिने हिशोब मांडला. बदललंय ते आपलं अंग. बिघडलंय ते आपल्यात काहीतरी. त्यातून संध्याकाळी बाळाचे बाबा कामावरून आले की माझ्यावर पसरायचे. त्यांचे पाय होते वासरासारखे लांब. ते ऐसपैस टेकायचे आणि बोलता बोलता घोरायला लागायचे. जाग आली की म्हणायचे, काय खुर्ची निवडलीस, मला तर झोपच लागते. ती त्यांच्याकडे नुसती बघायची.

मी कुणाला काय सांगणार? मला हात आहेत, पाय आहेत, पाठ आहे, पण तोंड नाही. ती स्वतःला दोष देत होती आणि दोष तर मी तिच्या बुडाखाली उभा केला होता. त्या लाजेला तोंड लपवायलाही जागा नव्हती, कारण मला खिडकीजवळ, भर उजेडात ठेवलं होतं.

हळूहळू ती खाली उतरली. माझ्या डाव्या बाजूला, भिंतीच्या कोपऱ्यात, एक गोधडी घडी करून ती फरशीवर बसायची आणि माझ्या पायाला खांदा टेकवून पाजायची. तिथे बाळ थोडं बरं प्यायचं. पण टाके दुखायचे, कंबर ताठायची, आणि बाळाला घेऊन उठताना ती माझा हात धरून मोठ्या कष्टाने वर यायची. त्यातही कान दाराकडे. घंटा वाजली की धडपडत उठायचं, पायाने गोधडी कोपऱ्यात ढकलायची आणि माझ्यावर चढून बसायचं. येणारं माणूस बघायचं तर कशी सायीच्या रंगाच्या खुर्चीत आई आणि मांडीवर बाळ!

"मजा आहे बाई तुझी," कुणीतरी म्हणायचं.

"हो ना. फार आरामाची आहे," ती म्हणायची.

दर वेळी हे ऐकताना मला वाटे, फरशी दुभंगावी आणि आपण त्यात जावं. मला आराम म्हणून दाखवत होते आणि मी तर तिचा दिवसभराचा छळ होते. तिने माझे फोटो नातेवाइकांना पाठवले. त्यात तिचे पाय कधीच नसायचे.

बाळाचं वजन जेवढं वाढायला हवं होतं तेवढं वाढेना. डॉक्टर रागावले नाहीत, जरा लक्ष ठेवा एवढंच म्हणाले. पण घरी येऊन ती कितीतरी वेळ पर्स खांद्याला तशीच ठेवून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी फडताळावर दुधाच्या पावडरीचा डबा आला. डबा वाईट नव्हता हो. कितीतरी बाळं त्यावर छान वाढतात. पण ती तो हातात घ्यायची, मागचं सगळं वाचायची आणि हरल्यासारखी परत ठेवायची. उद्यापासून मी सोडून देते, माझ्याच्याने हे होत नाही, असं तिने नवऱ्याला सांगितलेलं मी ऐकलं. त्याने बिचकत विचारलं, की खुर्ची नीट आहे ना? ती फाडकन म्हणाली, "खुर्चीला काय धाड भरलीय?" खुर्ची चुकली असं म्हटलं तर दुकानातलं ते अडगळीचं वाक्य परत घ्यावं लागलं असतं.

त्या उद्याच्या दुपारीच नणंद आली. दवाखान्यात उभ्या उभ्या बाळ बघून गेल्यानंतर ती फिरकली नव्हती. कामावरून परस्पर आली असावी. केस ओले होते आणि खांद्यावरच्या पिशवीला तलावाच्या पाण्याचा वास होता. घंटा वाजली तेव्हा आई फरशीवर होती. ती झटकन उठायला गेली, तिचा पाय गोधडीत अडकला, कशीबशी सावरून ती माझ्यावर बसली आणि म्हणाली, "या, दार उघडंच आहे."

गोधडी ढकलायची राहून गेली. शेजारी पाण्याचा पेलाही फरशीवरच होता. नणंदेने ते पाहिलं. मी तिची नजर पाहिली. गोधडीवरून पेल्यावर, पेल्यावरून माझ्या पायांवर, आणि तिथून भावजयीच्या अधांतरी टाचांवर. तिने पिशवी खाली ठेवली आणि हात पुढे केले. आण इकडे तिला, म्हणाली, तू जरा केस धुऊन ये, किती दिवस झाले असतील कुणास ठाऊक.

आईने बाळ दिलं, पण ती न्हाणीघराकडे गेली नाही. दारातच उभी राहिली. नणंद बाळाला घेऊन माझ्यावर बसली, मागे सरकली, पुढे आली, पुन्हा मागे सरकली. मग खाली वाकून बघितलं.

"अगं, तुझ्यापेक्षा मी चांगली चार बोटं उंच. माझ्याही टाचा टेकत नाहीयेत. तू कशी बसतेस इथे?"

"सवय झालीय."

"कशाची? लोंबकळायची?"

आई हसायला गेली आणि तिला हसता आलं नाही. दाराची चौकट तिने धरून ठेवली होती. "मला वाटलं," ती म्हणाली, "मलाच बसता येत नाही."

मित्रांनो, मला त्या क्षणी जे झालं ते मी विसरणार नाही. इतके दिवस जे मला ओरडून सांगायचं होतं, ते त्या उंच बाईने माझ्यावर बसून, नुसतं खाली बघून सांगितलं होतं.

बाळ नणंदेचं बोट चोखत होतं. मग आईने अगदी बारीक आवाजात विचारलं, "ताई, तुमची ती खुर्ची अजून आहे का?"

नणंदेने बाळाच्या टोपीची दोरी सारखी केली. "नाही गं. दिली. तलावावर तिकिटं देते ना, ती पोरगी, तिला दिवस गेलेत. घासूनपुसून, नवं कापड चढवून ठेवली होती. मग म्हटलं, उगाच जागा अडवते."

कुणासाठी घासून ठेवली होती ते ती बोलली नाही. बोलायची गरजच नव्हती. आईची मान खाली गेली ती वर येईना. दुकानात मी ज्या वाक्यावर फुलले होते ते माझ्याही अंगावर आलं. अडगळ कोण होतं, ते आता खोलीतल्या तिघींनाही कळलं होतं. चौथी अजून बोट चोखत होती.

"ताई, मी त्या दिवशी दुकानात..."

"ते स्टूल मी तेव्हाच लाथेने उडवायला हवं होतं," नणंद म्हणाली. "जाऊ दे. जाडजूड पुस्तकं आहेत का घरात?"

आईने डोळे पुसले आणि तिची कॉलेजची पुस्तकं आणली. कपाटात उगाच जपून ठेवलेली, कडक पुठ्ठ्यांची. नणंदेने तिला माझ्यावर बसवलं, पाठीशी उशी दिली आणि पायांखाली एकेक पुस्तक सरकवत गेली. तिसऱ्या पुस्तकावर टाचा टेकल्या. मांड्या सपाट झाल्या. बाळ मांडीवर ठेवलं तर ते ठेवल्या जागी राहिलं.

शिक्षण कधी ना कधी पायाखाली येतंच, असं नणंद म्हणाली आणि या वेळी आईला हसता आलं.

पण बाळाला घेऊन उठताना तिचा पाय पुस्तकांवरून सटकला. नणंदेने दंड धरला म्हणून बरं. आई पांढरी पडली. रोज इतक्यांदा उठायचं, कधी डोळ्यांवर झोप, आणि हातात मूल. पुस्तकं नकोत, स्टूलही नको, ती म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. पहिल्यांदाच ती माझ्याकडे कौतुकाशिवाय बघत होती.

"घरात करवत आहे," ती म्हणाली.

बाळाचे बाबा आले तेव्हा मी खोलीत उताणी पडले होते, पाय वर करून. बायको करवत घेऊन बसलेली, बहिणीने माझी पाठ गुडघ्यांनी दाबून धरलेली. ते दारातच म्हणाले की अगं, वॉरंटी जाईल.

"गेली तर गेली," त्यांची बहीण म्हणाली. "तू बसतोस का पाजायला?"

त्यांनी मुकाट्याने बाळ उचललं आणि बाहेर नेलं.

पहिला पाय आईनेच कापला. भुसा माझ्या सायीच्या रंगावर उडत होता. मला दुखलं का? दुखलं. पण ज्या पायांवर मी इतकी ऐट केली होती ते तिच्या हातांनी उतरत होते, आणि मला ओझं उतरल्यासारखंही वाटत होतं. पितळी टोप्या टणटण करत फरशीवर पडल्या. चौथ्या पायाला नणंद म्हणाली, आता मी कापते, आणि तिने जोराच्या भरात आखलेल्या रेघेच्या थोडं आत, बैठकीच्या बाजूला कापलं. झालं! मी सरळ उभी राहिले ती अशी बुटकी, पसरट, आणि वर किंचित डुगडुगणारी. ध्यान दिसत असणार मी.

आई बसली. दोन्ही टाचा फरशीला लागल्या. खांदे खाली आले. बाळाला जवळ घेतलं आणि ते प्यायला लागलं. माझा आखूड पाय हळूच टेकायचा, उचलायचा, पुन्हा टेकायचा. टक. टक. नणंद म्हणाली की मी मुद्दामच तसा कापला. खोटं होतं ते, पण कुणी वाद घातला नाही.

त्या दिवसापासून सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही. डबाही लागला काही दिवस. पण तो आता ती हरल्यासारखा उघडत नव्हती, नुसता उघडत होती. आणि फरशीवरची गोधडी धुऊन वाळत पडली ती परत तिथे आली नाही.

मैत्रिणी आल्या की मात्र हळहळायच्या. इतक्या सुंदर खुर्चीची काय अवस्था केली म्हणायच्या. सुरुवातीला आई ओशाळून माझ्या पायांवर शाल टाकायची. मलाही ती शाल हवीशी वाटायची. एकदा नणंदेने येऊन ती शाल ओढून काढली, बाळाच्या अंगावर घातली आणि म्हणाली की ज्याला थंडी वाजते त्याला पांघरूण घालावं. त्यानंतर शाल माझ्याकडे आली नाही.

माझ्या पायांचे कापलेले चार तुकडे त्या मुलीने पुढे खेळायला घेतले. त्यांची घरं केली, दारं केली, एकदा तर एक तुकडा फोन म्हणून कानाला लावला. मग ती मोठी झाली. माझं कापड डागाळलं, शिवणी उसवल्या. मला गॅलरीत ठेवलं. माझ्यावर आधी वर्तमानपत्रं आली, मग खोकी, मग एक बिघडलेला पंखा. माझ्यासारखीचं असंच होतं, मित्रांनो. मी तक्रार करत नाही. ज्याला एकदा काम करायला मिळालं त्याला धूळ तितकीशी बोचत नाही.

परवा शेजारची तरुण मुलगी आली. दिवस भरत आलेले, पायांत उंच टाचांच्या सँडल. तिच्या फोनवर एका खुर्चीचा फोटो होता. फिकट लाकूड, लांब पाय, टोकाला पितळ. कशी वाटते काकू, घेऊ का, असं ती विचारत होती. मी खोक्यांखालून बघत होते आणि मला वाटलं, मी तिथे आहे, अजून दिव्याखाली उभी आहे.

आमच्या घरातल्या आईने, आता तिच्या कानशिलावर थोडे पांढरे केस आहेत, फोन परत दिला. गॅलरीत येऊन पंखा उतरवला, खोकी उतरवली, ओल्या फडक्याने मला पुसलं आणि आत आणलं.

"सँडल काढ," ती म्हणाली. "आता बस."

ती मुलगी माझे पाय बघून हसली. बसली.

"ही निवडताना मी चुकले होते," आई म्हणाली. "आणि जी मला सांगत होती तिला चारचौघांत वाटेल ते बोलले होते. तिने माझ्यासाठी ठेवलेली खुर्ची मग दुसरीकडे गेली." इतक्या वर्षांत हे तिच्या तोंडून असं सरळ पहिल्यांदाच आलं. तिचा चेहरा तसाच लाल झाला होता, दुकानात झाला होता तसा.

बाहेरच्या खोलीत नणंद बसली होती. आता तिचे गुडघे दुखतात, ती पोहायला शिकवत नाही. पण आवाज तिथून इथपर्यंत पोचला.

"टाचा टेकल्या का तिच्या?"

मी माझा आखूड पाय हळूच टेकवला. टक.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, अडगळीत टाकू नका, असं मी तुम्हाला सांगावं अशी तुमची अपेक्षा असेल. ते तुम्हाला इतरांनी सांगितलंच आहे. मला एवढंच मागायचं आहे. कुणाला प्रेमाने बसा म्हटलंत, आणि ते माणूस हसून, छान आहे, फार आराम वाटतो, असं म्हणालं, तर त्याच्या चेहऱ्याकडे बघून थांबू नका. एकदा त्याच्या पायांकडे बघा.